आधी रस्ता, मग वेग

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक गणित घालते. वही-पेन्सिल जवळ नसली तरी चालेल, तोंडी करून पाहा.

एक मोटार ३८५ किलोमीटर अंतर २ तास २५ मिनिटांत जाते. तर तिचा ताशी वेग किती?

ज्यांना जमलं त्यांचं उत्तर १५९ किलोमीटरच्या आसपास आलं असेल. शाब्बास! ज्यांना जमलं नाही त्यांनी नंतर सावकाश करा, गणित काही पळून जात नाही. आमच्या सोलापूरहून मुंबई रस्त्यानं साधारण चारशे किलोमीटर. रात्रीच्या एसटीत बसलं की मुंबईला पोचेपर्यंत उजाडतं. जवळजवळ तेवढंच अंतर ही मोटार अडीच तासांच्या आत तोडते!

आता पुस्तकातल्या गणितातली गाडी कशी असते ते तुम्हांला ठाऊक आहे. ती दमत नाही, तिला वळण लागत नाही, तिच्या आडवी कधी म्हैस येत नाही. पण ही गाडी पुस्तकातली नाही, खरी आहे. २३ ऑक्टोबर १९५५ रोजी इटलीच्या सिसिली बेटावर, सायराक्यूज गावाजवळच्या रस्त्यांवर ती खरोखर या वेगानं धावली. ती चालवत होता दातांचा डॉक्टर व्हायला निघालेला २३ वर्षांचा एक विद्यार्थी. त्याचं नाव टोनी ब्रूक्स.

सायराक्यूज हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे, बरं का! विज्ञानाच्या बाई 'युरेका, युरेका' म्हणत धावत सुटलेल्या आर्किमिडीजची गोष्ट सांगतात ना, तो याच गावचा. आर्किमिडीज तिथे पाण्याच्या टबातून उठून धावला, आणि त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी तिथेच मोटारी धावायला लागल्या. १९५० पासून या गावात 'सायराक्यूज ग्राँ प्री' नावाची शर्यत भरू लागली. 'ग्राँ प्री' हे फ्रेंच शब्द. अर्थ सरळ आहे, मोठं बक्षीस.

१९५० सालीच मोटार चालवणाऱ्यांसाठी जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. वर्षभरात ठरलेल्या काही शर्यती होत, त्यांचे गुण मिळत आणि सगळ्यांत जास्त गुण मिळवणारा जगज्जेता ठरे. पण त्या काळात अशाही बऱ्याच ग्राँ प्री होत, ज्यांचे गुण अजिंक्यपदात धरत नसत. सायराक्यूजची शर्यत त्यांतली.

मग ती काय लुटुपुटीची होती? मुळीच नाही. आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. तिथे जिंकून कोणी 'महाराष्ट्र केसरी' होत नाही, पण म्हणून तिथली माती मऊ नसते आणि तिथला पैलवान समोरच्याला सोडून देत नाही. शिवाय नाव नसलेल्या नव्या पोराला बड्या पैलवानापुढे उभं राहायची संधी अशाच फडात मिळते. सायराक्यूजला टोनीला मिळाली ती तशीच.

आता तो तिथे पोचला कसा ते सांगते.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या सेंड नावाच्या गावी 'कॉनॉट' नावाचा एक छोटासा कारखाना होता. गॅरेजच म्हणा ना! रॉडनी क्लार्क आणि माइक ऑलिव्हर हे दोघे तिथे शर्यतीच्या मोटारी बनवत. हौस दांडगी, पण पैशांची कायम ओढाताण. सायराक्यूजच्या संयोजकांनी त्यांना बोलावलं. अशा शर्यतीत नुसती गाडी उभी केली तरी काही रक्कम मिळत असे. कॉनॉटला त्या पैशांची फार गरज होती. जुन्या प्रवासी बसगाड्यांमध्ये फेरफार करून त्यांनी मोटारी वाहून न्यायच्या गाड्या केल्या होत्या. त्यांत दोन शर्यतीच्या मोटारी चढवल्या आणि इंग्लंडहून निघून, फ्रान्स ओलांडून, इटलीच्या पार दक्षिण टोकापलीकडच्या बेटाकडे ती वरात चालू लागली.

मोटारी तर निघाल्या, पण त्या चालवायच्या कोणी? एका गाडीसाठी लेस लेस्टन होता. दुसरीसाठी बोलावणं गेलं टोनी ब्रूक्सला. टोनी मँचेस्टरच्या विद्यापीठात दंतवैद्यक शिकत होता. त्याचे वडीलही दातांचेच डॉक्टर. शर्यतींचा नाद होता, लहानमोठ्या शर्यतींत तो धावलेला होता. पण या सर्वांत वरच्या गटातल्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या गाडीनं तो एकाही शर्यतीत उतरला नव्हता. तरी त्यानं 'येतो' म्हटलं आणि विमानात बसला. बरोबर काय घेतलं असेल? अभ्यासाची पुस्तकं! परीक्षेची तयारी चालू होती. जाताना विमानात आणि येतानाही विमानात तो दातांचा अभ्यास करत होता.

(ही ओळ वाचून काही आई-बाबांनी मुलांकडे मान वळवून पाहिलं असेल. पाहू नका इतक्यात. तुमच्यासाठीही पुढे आहे.)

टोनी सायराक्यूजला पोचला आणि पाहतो तर मोटारी आलेल्याच नाहीत. त्या अजून वाटेत. इतरांचा सराव सुरू झालेला. त्या रस्त्यावर जन्मात न आलेला हा मुलगा, हातात गाडी नाही, शर्यत दोन दिवसांवर. तुम्ही असता तर काय केलं असतं? कपाळाला हात लावून बसला असता, की संयोजकांशी भांडला असता?

टोनीनं एक व्हेस्पा स्कूटर भाड्यानं घेतली. तीच आपली फटफट आवाज करणारी, पुढे पाय ठेवायला जागा असलेली. ज्या रस्त्यावरून शर्यतीत उडायचं होतं, त्याच रस्त्यावरून तो स्कूटरवर बसून सावकाश फिरला. एक फेरी साडेपाच किलोमीटरची. हमरस्ताच तो, शर्यतीपुरता बंद केलेला. कित्येक ठिकाणी कडेला बुटक्या भिंती. म्हणजे चुकलं तर बाजूला गवतात उतरायची सोय नाही, थेट भिंत. फिरला, पुन्हा फिरला. कुठे वळण आहे, वळणाच्या आधी चढ आहे की उतार, भिंत कुठे रस्त्याला खेटून आहे, सगळं त्यानं डोक्यात साठवलं.

मोटारी आल्या तेव्हाही त्याला पोटभर सराव मिळाला नाही. इंजिन नाजूक. सरावातच ते मोडलं तर शर्यतीला उभं राहता येणार नाही आणि मग ठरलेले पैसेही बुडणार. त्यामुळे मोजक्याच फेऱ्या मारायला परवानगी. पण त्या मोजक्या फेऱ्यांत टोनीनं अशी वेळ नोंदवली, की शर्यतीच्या दिवशी त्याची गाडी पहिल्या रांगेत उभी राहिली, तिसऱ्या क्रमांकावर. त्याच्या शेजारी होते इटलीचे लुइजी मुस्सो आणि लुइजी व्हिलोरेझी. दोघांच्या गाड्या मासेराटी. हे नाव तेव्हा कसं होतं म्हणता? कुस्तीच्या फडात कोल्हापूरच्या तालमीचं नाव घ्यावं, तसं. त्यात गाव त्यांचं, देश त्यांचा, टाळ्या वाजवणारी माणसं त्यांची.

झेंडा पडला. ७० फेऱ्यांची शर्यत सुरू झाली.

टोनीची सुरुवात फारशी चांगली झाली नाही. पण तो गडबडला नाही. एकेक गाडी गाठत गेला, मुस्सोला गाठलं, त्याला मागे टाकलं. मुस्सोनंही सहजासहजी सोडलं नाही. तरी थोड्याच फेऱ्यांत कॉनॉटची हिरवी गाडी पुढे झाली आणि मग पुढेच राहिली. टोनीनं आपली सर्वांत जलद फेरी दोन मिनिटांत पुरी केली. शर्यत संपली तेव्हा दुसऱ्या आलेल्या मुस्सोपेक्षा तो ५० सेकंदांनी पुढे होता. तुम्ही म्हणाल, ५० सेकंद म्हणजे काय, पाणी पिऊन होत नाही तेवढ्यात! पण हिशेब करा. ताशी १५९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. कबड्डीची तीन मैदानं एकापुढे एक ठेवा आणि 'एक' म्हणेपर्यंत पलीकडे जा. अशा वेगात ५० सेकंद म्हणजे दोन किलोमीटरहून जास्त. मागच्याला पुढचा दिसतसुद्धा नव्हता.

कोणाचाच विश्वास बसेना. त्यामागे कारणही तसंच होतं. इंग्लिश माणसानं इंग्लिश गाडी चालवून ग्राँ प्री जिंकल्याला ३१ वर्षं होऊन गेली होती. १९२४ साली स्पेनमधल्या सान सेबास्तियनला हेन्री सेग्रेव्ह सनबीम गाडीतून जिंकला होता, त्यानंतर हाच. इटलीच्या अधिकाऱ्यांनी शर्यतीनंतर कॉनॉटचं इंजिन खोलून मोजून पाहिलं. नियमापेक्षा मोठं इंजिन तर बसवलं नाही ना! अडीच लिटरची मर्यादा होती. इंजिन त्या मर्यादेत निघालं. आणि टोनी? तो पुन्हा विमानात बसला, पुस्तक उघडलं आणि कॉलेजात हजर झाला.

मुलांनो, ही गोष्ट मी दर वर्षी माझ्या वर्गाला सांगते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी, नाहीतर शेजारी यंत्रमाग आहे. सोलापूरची चादर आणि टॉवेल तुम्ही वापरत असालच. यंत्रमाग चालू झाला की त्याच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, इतका त्याचा जोर. पण माग चालू होण्याआधी काय करावं लागतं, ते आमच्या मुलांना विचारा. उभे धागे एकेक करून जोडून घ्यावे लागतात. शेकडो धागे. तिथे घाई केली, एक धागा चुकला, की तो दोष पूर्ण कापडभर उतरतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं ही गोष्ट ऐकल्यावर लगेच सांगितलं, "बाई, त्याचं स्कूटरवर फिरणं म्हणजे आमच्या आजीचं धागे जोडणं." मला इतकी चांगली उपमा सुचली नव्हती.

तुमचंही रोज असंच काहीतरी चाललेलं असतं. पाठ भराभरा वाचून दाखवायचा असतो, पाढे धडाधडा म्हणायचे असतात. जो भराभरा वाचतो तो हुशार, असं आपल्याला वाटतं. पण नीट पाहा. भराभरा वाचणारा मुलगा कधीतरी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलेला असतो. ज्यानं बोट ठेवायचा कंटाळा केला, तो भराभरा वाचतो खरा, पण 'पाणी'चं 'पानी' आणि 'दीन'चं 'दिन' करून पुढे निघून जातो. भिंतीला घासून गेलेली गाडीच ती!

आता त्या दिवशीची आणखी एक गोष्ट सांगते. मला तर ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टोनीची गाडी मासेराटीपेक्षा फार ताकदवान होती का? नाही. इंजिनात मासेराटी काही कमी नव्हती. मग कॉनॉटकडे काय होतं? चांगले ब्रेक!

तुमच्या घरी किंवा शेजारी मोटारसायकल असेल तर तिच्या पुढच्या चाकाकडे पाहा. काही मोटारसायकलींना चाकाच्या मधोमध एक चकचकीत, भोकं पाडलेली गोल चकती असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी त्या चकतीला चिमटा बसतो आणि चाक थांबतं. हा डिस्क ब्रेक. दुसऱ्या प्रकारात चाकाच्या मध्ये बंद डबा असतो, त्याच्या आत ब्रेकचे तुकडे बाहेरच्या बाजूला दाबले जातात. तो ड्रम ब्रेक. पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारला, की बंद डब्यात उष्णता कोंडते आणि ब्रेकची पकड कमी होत जाते. चकती उघडी असते, तिला वारा लागतो, ती लवकर निवते. १९५५ मध्ये मासेराटीला ड्रम ब्रेक होते आणि कॉनॉटला डिस्क.

त्यामुळे काय झालं? वळण आलं की मुस्सोला आधीपासून वेग कमी करावा लागे. टोनी आणखी थोडं पुढे जाऊन ब्रेक मारू शकत होता. प्रत्येक वळणाला थोडं थोडं, आणि फेऱ्या ७०.

गंमत लक्षात आली का? त्याला चांगलं थांबता येत होतं, म्हणून तो जोरात जाऊ शकत होता. ज्याला थांबता येत नाही, त्याला वेगानं जायचा हक्कच नाही.

हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. त्याचं कारण सांगते. ते जरा अवघड आहे, पण तुम्ही मोठे होताहात.

माझ्या वर्गातून गेलेला एक मुलगा. नाव नाही सांगत. चौथीत होता तेव्हा वर्गातला सगळ्यांत चपळ. मधल्या सुट्टीत खो-खोत त्याला कोणी गडी करू शकत नसे. पुढे दहावीला गेला. एका संध्याकाळी मित्राच्या मोठ्या भावाची मोटारसायकल घेऊन तो आणि आणखी दोघं गावाबाहेरच्या रस्त्यावर शर्यत लावायला गेले. लायसन कोणाकडेच नाही, हेल्मेट नाही. रस्त्याच्या कामाची खडी पडलेली होती, ती त्याला ठाऊक नव्हती. गाडी घसरली. जीव वाचला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, तुम्ही या आणि जरा समजावून सांगा त्याला. आमचं ऐकत नाही. मित्र येतात आणि पुढच्या शर्यतीच्या गप्पा मारतात."

मी गेले. उपदेश करायचा नाही असं ठरवून गेले. पलंगावर पाय वर बांधून पडलेल्या मुलाला उपदेश काय करायचा? तो पायच करत होता उपदेश. मी त्याला टोनी ब्रूक्सची गोष्ट सांगितली, आधी तुम्हांला सांगितली तेवढी. त्याचे डोळे चमकले. "बाई, पुढं काय झालं त्याचं?" म्हणाला. मग मी पुढची गोष्ट सांगितली.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला टोनी बीआरएम नावाच्या गाडीतून धावत होता. वेग कमी-जास्त करणाऱ्या पेडलची जोडणी बिघडली. गाडी थांबवली, दुरुस्ती केली, पुन्हा निघाला. ती दुरुस्ती तात्पुरती आहे हे त्याला ठाऊक होतं. वळणावर वेग कमी होईना. गाडी उलटली, टोनी बाहेर फेकला गेला, गाडी जळून खाक झाली. १९५७ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत गाडीचा गिअर अडकला. ते पाहण्याच्या नादात रस्त्यावरची नजर हटली, गाडी उलटली आणि टोनी खाली सापडला. मागून आलेल्या गाडीनं धडक दिली, त्या धडकेनं त्याच्या अंगावरची गाडी बाजूला सरकली म्हणून तो सुटला.

दोनदा मरणाच्या दारातून परत आलेल्या या माणसानं मनाशी एक गोष्ट पक्की केली. तो देवाला मानणारा होता. जीव ही मिळालेली देणगी आहे, बिघडलेल्या गाडीत बसून ती उधळायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्यानं ठरवलं. शर्यत सोडायची नाही, पण गाडीत बिघाडाची शंका आली तर थांबायचं. समोर काहीही असो.

आणि मग १२ डिसेंबर १९५९ उजाडला. अमेरिकेत सेब्रिंगला वर्षाची शेवटची शर्यत. जगज्जेता कोण हे याच शर्यतीत ठरणार. तिघांना संधी होती. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहम, इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस आणि आपला टोनी. टोनी आता फेरारी चालवत होता. पहिल्याच फेरीत त्याच्याच संघातल्या वोल्फगांग फॉन ट्रिप्सची गाडी मागून त्याच्या गाडीवर आदळली.

आता काय करायचं? गाडी चालू आहे. काही मोडलंय की नाही, कळत नाही. पुढे जावं तर जगज्जेतेपद हाताशी. थांबून तपासावं तर वेळ जाणार, आणि त्याच्याबरोबर सगळंच.

टोनी थांबला. गाडी तपासून घेतली. विशेष काही मोडलेलं नव्हतं. तो पुन्हा निघाला आणि तिसरा आला. शर्यत जिंकली २२ वर्षांच्या ब्रूस मॅक्लारेननं. ब्रॅबहमच्या गाडीतलं पेट्रोल शेवटी शेवटी संपलं, त्यानं ती ढकलत ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि जगज्जेता झाला. टोनी वर्षाच्या गुणांत दुसरा. जगज्जेता तो पुढेही कधी झाला नाही.

एवढं सांगून मी थांबले. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, म्हंजे तो हरलाच की! गाडीला तर काय झालंच नव्हतं."

बघा, किती खरा प्रश्न! याचं गोड उत्तर देता आलं असतं, 'नाही रे, तोच खरा विजेता' वगैरे. पण मुलं अशा उत्तराला फसत नाहीत. मी म्हटलं, "हो. जगज्जेतेपद गेलं त्याचं. थांबला म्हणून गेलं असणार."

"मग मिळालं काय?"

मी त्याला बाकीच्यांचं सांगितलं. सायराक्यूजला दुसरा आलेला लुइजी मुस्सो १९५८ मध्ये फ्रान्सच्या ग्राँ प्रीत अपघातात गेला. सेब्रिंगला मागून आदळलेला फॉन ट्रिप्स १९६१ मध्ये इटलीत मोंझाच्या शर्यतीत गेला, आणि त्याच्याबरोबर तिथले प्रेक्षकही गेले. त्या काळी गाड्यांत सुरक्षेची साधनं जवळजवळ नव्हतीच, पट्टेसुद्धा नसत. टोनी १९६१ अखेर शर्यतींतून निवृत्त झाला. गॅरेजचा धंदा केला, संसार केला, मुलं-नातवंडं पाहिली. ३ मे २०२२ रोजी तो वारला, तेव्हा ९० वर्षांचा होता. आणि तो काही भित्रा नव्हता बरं का! बेल्जियम, जर्मनी, इटली, फ्रान्स इथल्या अजिंक्यपदाच्या शर्यती त्यानं जिंकल्या. १९५७ मध्ये ल माँच्या जखमा अंगावर असताना तो इंग्लंडमधल्या एन्ट्रीला धावला. आपली चांगली चाललेली गाडी त्यानं शर्यत चालू असताना स्टर्लिंग मॉसच्या हाती दिली आणि ती पहिली आली. अजिंक्यपदाच्या शर्यतीत इंग्लिश गाडी जिंकायची ती पहिलीच वेळ. अशा माणसानं थांबायचं ठरवलं, तर ते भीतीपोटी नव्हे.

मुलगा काही बोलला नाही. 'आता मी कधी शर्यत लावणार नाही' असं तो म्हणाला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तो तसं म्हणाला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "बाई, त्यानं स्कूटरवरनं किती फेऱ्या मारल्या असतील?" मला वाटतं, त्याला त्या रस्त्यावरची खडी आठवली असावी.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. दर वर्षी कोणी ना कोणी पालक मला येऊन सांगतात, "बाई, यंदा शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, पोराचा खेळ बंद करतोय." मी कोणाशी वाद घालत नाही. फक्त विचारते, की खेळ बंद केल्यावर ते तास अभ्यासाला जातात की खिडकीतून मैदानाकडे बघण्यात? एका यंत्रमाग कामगार बाबांनी मुलाला विचारून ठरवलं, की आधी अर्धा तास खेळ आणि मग अभ्यास, आणि दोन्हींची वेळ मुलानंच घड्याळ लावून पाळायची. टोनी ब्रूक्स शर्यतीहून परत जाऊन दातांचा डॉक्टर झाला. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात. मात्र त्यासाठी त्या माणसाला एका गोष्टीतून उठून दुसरीकडे बसता आलं पाहिजे. हाही एक प्रकारचा ब्रेकच.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे, अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत मुलांच्या हाती मोटारसायकलची किल्ली देऊ नका. 'आमचा चांगली चालवतो' असं कौतुकानं सांगूही नका. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला, त्यानुसार अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाच्या भीतीनं नको, पोराच्या पायांसाठी नको म्हणा.

तुम्हांपैकी कोणाला खरंच शर्यतीत उतरायचं असेल, तर उतरा की! आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धावला. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं दिल्लीजवळ भारताची ग्राँ प्रीसुद्धा झाली. शर्यतीसाठी बांधलेले रस्ते असतात, शिकवणारे असतात, हेल्मेट असतं, नियम असतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर मात्र समोरून कोणाची तरी आजी भाजीची पिशवी घेऊन येत असते.

तोवर एक काम करा. सायकल असेल तर येत्या रविवारी ती उलटी करून ठेवा आणि मोठ्या माणसाला बरोबर घेऊन दोन्ही ब्रेकचे रबर पाहा. झिजले असतील तर बदलून घ्या. सायकल नसेल तर घरापासून शाळेपर्यंत एकदा सावकाश चालत जा, आणि कुठे वळण आहे, कुठे खड्डा आहे, कुठल्या बोळातून रिक्षा अचानक बाहेर येते, ते वहीत लिहून ठेवा. रोजचाच रस्ता, पण किती गोष्टी पहिल्यांदाच दिसतील ते मोजा. माझ्या वर्गात आतापर्यंतचा विक्रम ४१ गोष्टींचा आहे. बघा, मोडता येतो का!